नक्कल करा, पण सही करा

माझ्या हातचं एक खोटं सध्या कोणाच्या तरी मनगटावर आहे.

ते घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. चावीचं. मशीन खरं, केस खरी, काटे खरे. डायल माझी. जळगावात, आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पितळेच्या चकतीवर मी ती बनवली आणि एका उकडलेल्या अंड्याच्या मदतीने तिला चाळीस वर्षांनी म्हातारी केली. ओळखीतल्या एकाने अठराशे रुपयांना ती घेतली. ‘नवीन बनवलेली आहे’ हे मी त्याला तोंडी सांगितलं. तोंडीच.

तीन आठवड्यांनी एका मित्राने फोनवर फोटो पाठवला. ‘भारी पीस आहे, घेऊ का?’ फोटोखाली लिहिलं होतं: फुल ओरिजिनल, अनटच्ड, सिंगल ओनर, रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांचं. किंमत साडेनऊ हजार. मी फोटो मोठा करून पाहिला. देवनागरी ७ ची शेपटी जराशी जाड होती. तो आकडा काढताना ब्रशचा एक केस फाकला होता, हे मला पक्कं आठवत होतं.

मी मित्राला लिहिलं, ‘घेऊ नको.’ त्याने विचारलं, ‘का?’ मी लिहिलं, ‘महाग वाटतंय.’

हा लेख त्या ‘महाग वाटतंय’च्या विरोधात आहे. म्हणजे आधी माझ्या विरोधात, आणि मग या धंद्यातल्या बाकी सगळ्यांच्या. माझं म्हणणं साधं आहे. नव्या वस्तूला जुनं रूप देणं हा गुन्हा नाही. ते कोणी दिलं आणि कधी दिलं, हे लपवणं हा गुन्हा आहे. आणि तो गुन्हा कारागीर, दलाल, गिऱ्हाईक आणि संग्राहक असे सगळे मिळून करतात. प्रत्येकाला वाटतं, आपण फक्त गप्प बसलोय.

*

आधी कारखाना दाखवतो, म्हणजे मी नेमकं काय करतो ते कळेल.

भांड्यांच्या दुकानातून पितळेचा पातळ पत्रा आणायचा. सोनाराच्या बारीक करवतीने गोल कापायचा, कानशीने कड सारखी करायची, मधे काट्यांसाठी भोक पाडायचं. मागे तांब्याच्या तारेचे दोन पाय डाखायचे, कारण डायल मशीनवर त्या दोन पायांवरच उभी राहते. पाय केसभर चुकले तर भोक मधोमध येत नाही आणि काटे घासतात. मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर, एकाच दिशेने. मग रंग, आकडे, लॅकर.

कारखान्यात आकडे पॅड प्रिंटिंगने छापतात. कोरलेल्या पट्टीत शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ गोळा ती उचलतो आणि डायलवर ठेवतो. माझ्याकडे ते यंत्र नाही. मी गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या रेडियमच्या दुकानात जातो. त्यांच्या कटरवर माझ्या आकड्यांचं स्टेन्सिल कापून मिळतं. बारीक रेषा हाताने ओढतो. दहातल्या सात डायल फुकट जातात.

आता म्हातारपण. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्याला हवेत गंधक मिळालं की ते काळवंडतं, अमोनिया मिळाला की तपकिरी-निळसर होतं, मीठ आणि व्हिनेगर मिळालं की हिरवा कळक धरतं. उकडलेलं अंडं कुस्करून, ते न टेकेल अशा बेताने चकतीसोबत डब्यात बंद केलं की त्यातून निघणारा गंधकाचा वायू काही तासांत चकतीवर चहासारखी छटा आणतो. अमोनियासाठी मी कल्हईवाल्यांचा नवसागर आणि पानटपरीवरचा चुना एकत्र करतो. शाळेतला प्रयोग आहे, पण उघड्यावरच करायचा; बंद खोलीत डोळ्यांची आग होते आणि श्वास कोंडतो.

पोलादी काट्यांना निळा रंग द्यायचा असेल तर रंग लागतच नाही, फक्त उष्णता लागते. पितळेच्या भुश्यावर काटा ठेवून खालून तापवत राहायचं. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. त्या क्षणी उचलला नाही तर तो फिका पडत राख रंगाचा होतो.

केळीचा चीकही वापरून पाहिला. जळगावात राहून तो नाही वापरायचा तर काय! रावेर-यावलकडच्या कोणालाही विचारा, केळीच्या चिकाचा डाग पडलेला शर्ट मरेपर्यंत बागेतच वापरावा लागतो. उघड्या पितळेवर तो टिकला नाही, लिंबाने निघून गेला. पण मॅट पांढऱ्या रंगावर चीक लावून डायल मे महिन्यात पत्र्यावर ठेवली, तर ठिपक्याठिपक्यांचा असा तपकिरी रंग आला की मीच चकित झालो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. संग्राहकांच्या जगात उन्हाने तपकिरी झालेल्या काळ्या डायलला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिला जास्त पैसे मोजतात. ट्रॉपिकल ऊन आमच्या पत्र्यावर फुकट पडतं.

एवढं सगळं सांगितलं, कारण यातलं काहीही लपवण्यासारखं नाही. चोरीचा माल नाही, विष नाही. ही मेहनत आहे आणि मला ती आवडते. मग मी ती लपवली का?

*

माझी आजी हे सगळं पाहायला असती तर तिने मला वेड्यात काढलं असतं. तिची निम्मी सकाळ पितळेवरचा काळेपणा घालवण्यात जायची. चिंच, राख, मीठ. हंडा सोन्यासारखा झाला पाहिजे. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकलं की आख्ख्या घरावर ओरडायची. ज्या गोष्टीशी ती आयुष्यभर लढली, तीच मी मुद्दाम डब्यात वाढवतो.

पण आजीच्याच पायात काय होतं? काळपट नक्षीच्या चांदीच्या तोरड्या. ‘ऑक्सिडाइज्ड’. आमच्या सराफ बाजारात कधीही जा. नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळं केलेली चांदी दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली असते. ‘अँटिक पॉलिश’च्या सोन्याचे हार असतात. ते हार पेशव्यांच्या तिजोरीतून आले असं दुकानदार म्हणत नाही आणि गिऱ्हाईकही मानत नाही. दोघांनाही माहीत असतं की माल गेल्या महिन्यातला आहे आणि जुनेपणा हे त्याचं फिनिश आहे.

जरा लांब, बीदरला जा. बिदरी कामाची भांडी असतात जस्ताची, थोडं तांबं मिसळलेली. त्यात चांदीची तार बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने ती काळी करतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच चमकत राहते. धातूला मुद्दाम काळं करण्याची ही दख्खनची किती तरी पिढ्यांची कला आहे, आणि तिला कोणी खोटेपणा म्हणत नाही.

म्हणून ‘कृत्रिम पॅटिना म्हणजेच फसवणूक’ म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझं पटत नाही. काळं करणारा हात तोच असतो, नवसागरही तोच. बिदरीला ‘बिदरी’ म्हणून विकतात. माझी डायल ‘रिटायर झालेल्या काकांची’ म्हणून विकली गेली.

*

आता या शुद्धतावाद्यांकडेच वळू.

जगभरातल्या घड्याळवेड्यांच्या तोंडी एक शिवी आहे: ‘मुंबई स्पेशल’. भारतातून विकायला येणारी जुनी सायको, सिटिझन, फेव्हर-ल्युबा, वेस्ट एंड, एचएमटी घड्याळं, ज्यांच्या डायल नव्याने रंगवलेल्या असतात. भडक केशरी, पोपटी, जांभळ्या. अक्षरं थोडी वाकडी, कधी स्पेलिंग चुकलेलं. कारखान्याने कधीच न काढलेले रंग. परदेशी संग्राहक त्यावर हसतात, आणि आता आपलीही मुलं हसतात. पुण्या-मुंबईतला विशीतला पोरगा ‘रीडायल आहे का?’ असं विचारतो तेव्हा त्याचा सूर ‘उष्टं आहे का?’ असा असतो. हे सोवळं आहे. देव्हारा बदलला, सोवळं राहिलं.

त्या रंगवलेल्या डायल आल्या कुठून, हे विचारायचे कष्ट तरी घ्या. खानदेशात धूळ आहे, जिनिंगचा कापूस हवेत उडतो, उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात ओल. जुन्या घड्याळाच्या चावीतून पाणी आत जातं, लॅकर पिवळं पडतं, रंगाचे पोपडे निघतात. एचएमटीचं घड्याळ ही चैनीची वस्तू नव्हती. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना निघाला आणि सरकारी घड्याळ मास्तर, तलाठी, रेल्वे गार्ड यांच्या मनगटावर आलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं तेच एक घड्याळ आयुष्यभर वापरायचं. त्याच्या डायलवर डाग पडले की माणूस दुरुस्तीवाल्याकडे जाऊन म्हणायचा, ‘नवीन करून द्या.’ दुरुस्तीवाला डायल रंगवून आणून द्यायचा. भांड्याला कल्हई लावतात तसंच ते काम. गिऱ्हाईकाला जुनं दिसायचंच नव्हतं. जुनं दिसणं परवडायला आधी नवं विकत घेण्याची ऐपत लागते.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर ‘ओरिजिनल’चं वेड चढलं आणि त्या साध्या दुरुस्तीवर एका रात्रीत ‘फेक’चा शिक्का बसला.

आता या सोवळ्याच्या वरच्या मजल्यावर काय चालतं ते पाहा. मोठमोठ्या स्विस कंपन्या गेली काही वर्षं नव्या घड्याळांवर मुद्दाम जुनाट, मळकट साय-रंगाचं रेडियम लावतात, कारखान्यातूनच. इंग्रजीत त्याला ‘फोटिना’ म्हणतात, म्हणजे खोटा पॅटिना. काही लाखांचं घड्याळ, आणि त्यावर जन्मतःच पन्नास वर्षांचा मळ. ‘मुंबई स्पेशल’वर हसणारा माणूस हे घड्याळ अभिमानाने घालतो.

हे दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. माझ्याच नियमाने पाहिलं तर कंपनी निर्दोष सुटते. डायलवर तिचं नाव आहे, पावतीवर तारीख आहे. कंपनीने सही केली आहे, आणि आपल्या माणसाने केलेली नाही. दोघांच्या इभ्रतीतला सगळा फरक तिथेच आहे. हात कोणाचा चांगला, हा प्रश्न त्यात येतच नाही.

*

त्या साय-रंगाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. तो रंग येतो कुठून? पूर्वी अंधारात चमकण्यासाठी डायलवर खरंखुरं रेडियम लावत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात १९१७ पासून तरुण मुली हे काम करायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांनी ओला करायचा, असंच त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक टोकाबरोबर थोडं रेडियम पोटात. जबड्याची हाडं झिजली, मुली मेल्या. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी १९२७ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं, १९२८ मध्ये तडजोड झाली. त्या रंगातली चमक काही वर्षांत जळून जाते आणि उरतो तपकिरी मळ. आज ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणून विकला जातो तो याच मळाचा रंग.

चमक गेली तरी रेडियम जात नाही. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. म्हणून जुन्या बाजारात एखादं फार जुनं घड्याळ मिळालं आणि आकड्यांवर तपकिरी, भुसभुशीत रंग दिसला, तर घरी काच उघडून तो खरवडू नका.

त्या मुलींनी असंख्य डायल रंगवल्या, आणि एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. डायल करणारा हात अनामिक असणं ही या धंद्याची जुनी रीत आहे, आणि तिचा फायदा आजवर हात चालवणाऱ्याला कधीच झालेला नाही.

फायदा कोणाला होतो, याचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात ओमेगा कंपनीचं एक जुनं स्पीडमास्टर घड्याळ एकतीस लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. डायल सुंदर तपकिरी, ‘ट्रॉपिकल’. घेणारी होती खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणच्या सुट्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात आपल्या काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी ते घड्याळ जन्माला घातलं, त्यांचीच ही गत. मग फोनवर फोटो मोठा करून ‘ओरिजिनल’ ओळखणाऱ्या आपल्या पोरांची काय कथा! डोळ्यांनी ओळखता येतं, हा भ्रम आहे. जो बनवतो त्याला माहीत असतं. म्हणून सांगायची जबाबदारीही त्याचीच.

*

धुळ्यात पाच कंदीलजवळ एक म्हातारे दुरुस्तीवाले आहेत. मी त्यांना आबा म्हणतो. एक पाय हलणारं टेबल, डोळ्याला भिंग, समोर काचेच्या बरणीत जुनी मशीनं. माझी पहिली बरी डायल मी त्यांनाच दाखवायला नेली होती.

त्यांनी आधी ती उलटी केली. मागे बघितलं. मग नखाने कडेवरून काहीतरी खरवडलं आणि भिंगाखाली धरलं. हिरवी पूड. मीठ-व्हिनेगरने धरवलेला कळक मी सोड्याच्या पाण्याने धुतला होता, वर लॅकर मारलं होतं, पण आतलं मीठ काम करतच राहिलं होतं. ‘ही पूड मशीनमधे पडेल,’ आबा म्हणाले. ‘सहा महिन्यांनी घड्याळ थांबलं की तो बिचारा कोणाला शोधत येईल?’

मी काही बोललो नाही. मग त्यांनी डायल परत सरळ केली, बराच वेळ पाहिली आणि अहिराणीत म्हणाले, ‘तुन्हा हातनं काम शे, मंग तुन्हं नाव काब्र नही?’

तुझ्या हातचं काम आहे, मग तुझं नाव का नाही? कारण त्या डायलवर बाराच्या खाली मी एचएमटीचं नाव काढलं होतं. अगदी हुबेहूब, तासभर खपून. माझ्या सगळ्या कामातलं खरं खोटं तेवढंच होतं, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान होता.

मी उलट विचारलं, ‘आबा, तुम्ही आजवर एवढ्या डायल रंगवून दिल्या. तुम्ही कुठे नाव टाकलं?’

ते हसले. त्यांचं म्हणणं असं: नाव टाकलं असतं तर गिऱ्हाईकाने घड्याळ तोंडावर फेकलं असतं. त्याला एचएमटी हवं होतं, माझं नाव कशाला? आणि आता जे येतात त्यांना जुनं हवं. नव्याला भाव नाही, भाऊ. जुन्याला आहे.

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आबांचं घर त्यावर चाललं. सही केली तर विकत कोण घेणार, हा पोटाचा प्रश्न आहे, आणि पोट भरलेल्या माणसाने नीतीचे धडे देऊ नयेत, हेही मला मान्य आहे. पण हिशेब तरी पाहू. माझ्या डायलचे मला अठराशे मिळाले. त्यातून पत्रा, लॅकर, वाया गेलेल्या सात चकत्या आणि चार रविवार वजा करा. दलालाने मशीन, केस आणि पट्टा धरून आणखी दोन हजार घातले असतील. उरलेले साडेपाच-पावणेसहा हजार कशाचे? माझ्या गप्प बसण्याचे. अनामिक राहण्याची किंमत मी मोजली आणि कमाई त्याने केली. आबांनी तीच किंमत आयुष्यभर मोजली.

नावाला भाव येतो, पण नाव आधी असावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये स्टर्न बंधूंचा डायल बनवायचा कारखाना होता. इतरांच्या घड्याळांसाठी डायल करायच्या, एवढंच काम. १९३२ साली मंदीत त्यांनी पाटेक फिलिप ही कंपनीच विकत घेतली, आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहे. डायल करणारा घड्याळाचा मालक झाला. तिकडच्या सिंगरसारख्या डायल कारखान्याचा शिक्का मागच्या बाजूला सापडला, तर आज संग्राहक खूष होतात. आमच्या डायलच्या मागे काय सापडतं? कोरं पितळ.

एवढं लांब जायचीही गरज नाही. जळगावच्या सोन्याचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आहे. १ एप्रिल २०२३ पासून देशात हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. त्या सहा खुणांवरून दागिना कोणत्या सराफाचा आणि कुठे तपासला, ते कळतं. त्यामुळे सोन्याचा भाव पडला का? सुरुवातीला कुरकुर झाली आणि नंतर लोक भिंग मागून तो नंबर बघू लागले. आमच्या सराफ बाजारात कानातल्या इवल्याशा डुलावर एवढी खूण मावते. डायलच्या मागे तर अख्खं मैदान मोकळं आहे.

*

आबांच्या दुकानातून निघालो त्या दिवशी बसला वेळ होता. ज्या शहरात मी हुबेहूब नकलेची शेखी मिरवायला आलो होतो, त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, आणि पुढे त्यांचे एकूण बावीस खंड निघाले. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या रद्दीतून त्यांनी कागद गोळा केले. बखरीतली रंगवलेली हकिकत नको, त्या काळचा अस्सल कागद दाखवा, हा त्यांचा हट्ट.

पण जुन्या दफ्तरांत सगळंच अस्सल नसतं. नकला भरपूर असतात, कारण कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते. कारकून नक्कल करायचा आणि ती नक्कल आहे असं लिहायचा. त्यासाठी मराठीत एक रुबाबदार शब्दप्रयोगच आहे: अस्सल बरहुकूम नक्कल. मूळ कागदाप्रमाणे केलेली प्रत. हे शब्द असलेली प्रत कामाची असते, मूळ हरवलं तर तिच्यावर भिस्त ठेवता येते. तेच शब्द गाळून, कागद धुराने पिवळा करून, वर जुनी तारीख घातली की ती बनावट सनद. शाई तीच, कारकून तोच, हस्ताक्षरही तेच. दोन शब्द गाळले की प्रतीचं पातक होतं.

माझी डायल ही नक्कल होती. ‘नक्कल’ हा शब्द मी गाळला होता. दलालाने पुढे जे केलं, त्याची जागा मीच मोकळी ठेवली होती. तोंडी सांगितलेलं घड्याळाबरोबर जात नाही. कोरलेलं जातं.

म्हणून माझा आग्रह आहे, आणि तो मी डायल करणाऱ्या, रंगवणाऱ्या, धातूला म्हातारा करणाऱ्या प्रत्येकाला करतो. डायलच्या मागे नाव, गाव आणि साल कोरा. दुसऱ्या कंपनीचं नाव पुढे काढू नका. एखाद्याच्या वडिलांची खरी डायल दुरुस्त करताना मूळ नाव परत रंगवावंच लागलं, तर मागे ‘रंगवली’ असं लिहा. आणि विकत घेणाऱ्यांनो, ‘रीडायल आहे का?’ हे विचारणं थांबवा. ‘कोणी केली?’ असं विचारा. उत्तर मिळालं तर जास्त पैसे द्या. उत्तर नाही मिळालं तर घड्याळ खाली ठेवा.

*

त्या फोटोचं पुढे काय झालं?

मी दलालाला फोन केला. म्हणालो, ती डायल मी केली आहे, हे तू लिहायला हवं. तो शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, खोटं मी बोललो, तू नाही. तुला काय त्रास?’ दोन दिवसांनी फोटो गायब झाला. घड्याळ विकलं गेलं होतं. कोणाला, हे त्याने सांगितलं नाही, आणि पुढे माझा फोन घेणंही बंद केलं. ते ज्याच्याकडे असेल त्याने सातच्या आकड्याची शेपटी पाहावी. जाड असेल तर ती डायल जळगावची आहे. मला कळवावं, मी मागे नाव कोरून देईन. फुकट.

मित्रालाही खरं कारण सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही.

आता माझ्या डायलवर बाराच्या खाली काहीच नसतं. स्विस घड्याळात सहाच्या खाली, अगदी कडेला, ‘स्विस मेड’ असं बारीक लिहिलेलं असतं. त्या जागी मी ‘जळगाव’ लिहितो. मागे नाव आणि साल. मीठ-व्हिनेगर सोडून दिलं. अंडं आणि ऊन पुरतं.

गेल्या महिन्यात एकाला डायल फार आवडली. तो म्हणाला, ‘सगळं झकास आहे, फक्त ते खालचं जळगाव तेवढं काढून द्या. दोन हजार जास्त देतो.’

ती डायल अजून माझ्याकडेच आहे.